खाली ठेवलेली कॉफी

शनिवारी सकाळी क्लबच्या मागच्या खोलीत अठरा मुलं सतरंजीवर बसत, आणि उस्ताद मिझहर फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारत. रेघेच्या एका बाजूला तैग्रिस, दुसऱ्या बाजूला युफ्रेटिस. कोणती लांब, कोणती गढूळ, कोणती कुठे वळते, हे मुलांनी सांगायचं. शेवटी खाली एक आडवी रेघ यायची आणि तिच्याखाली 'सारखं काय' असं लिहिलेलं असायचं. उस्ताद म्हणत, "फरक कोणालाही दिसतो. सारखं शोधायला बसावं लागतं."

इराकमधल्या समावा गावात त्यांनी सव्वीस वर्षं भूगोल शिकवला होता. मग उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि सीमेपलीकडच्या वाळवंटातल्या छावणीत चार वर्षं गेली. तिथेही ते तंबूत मुलांना घेऊन बसत. फळा नव्हता म्हणून वाळूवर लिहीत आणि वारा आला की पुन्हा लिहीत. आता अमेरिकेतल्या डिअरबॉर्नमध्ये येऊन दोन वर्षं झाली होती. आठवड्याचे पाच दिवस ते एका लेबनानी बेकरीत भट्टीपुढे उभे राहत. शनिवार मात्र त्यांचा स्वतःचा होता.

वर्गातल्या मुलांची शाळेची वर्षं त्या वाळवंटात बुडाली होती. मे महिन्यात इथल्या शाळेची परीक्षा होती. जी मुलं पास होतील ती आपल्या वयाच्या वर्गात जाणार. बाकीची आणखी वर्षभर आपल्याहून तीन-तीन वर्षांनी लहान पोरांमध्ये, गुडघे बाकाला टेकवून बसणार. फेब्रुवारी अर्धा सरला होता आणि अपूर्णांक अजून संपले नव्हते.

त्यातच क्लबच्या रखवालदाराने सांगितलं, "उस्ताद, ही खोली जाणार. लग्नाच्या हॉलला मोठं स्वयंपाकघर हवंय. कमिटी गुरुवारी ठरवणार आहे."

क्लब लेबनानच्या दक्षिणेकडल्या एका गावाच्या लोकांचा होता. ते लोक इथे दोन-तीन पिढ्यांपूर्वी आले, मोटारींच्या कारखान्यात राबले, मग दुकानं काढली, पेट्रोलपंप घेतले. कमिटीचे अध्यक्ष अबू घस्सान यांचे दोन पंप होते. इराकी मुलांना खोली त्यांनीच दिली होती, तीही सहज, जिना चढता चढता. सहज दिलेली गोष्ट सहजच जाते, ही धास्ती उस्तादांना पहिल्या दिवसापासून होती.

त्या आठवड्यात विद्यापीठातली एक मुलगी घरोघर फॉर्म घेऊन फिरत होती. घर स्वतःचं की भाड्याचं, काम कोणतं, शिक्षण किती. फॉर्मवर दोन रकाने होते: एक 'अरब', दुसरा 'इराकी'. वर्गातल्या अकरा वर्षांच्या तबारकने विचारलं, "उस्ताद, आपण अरब नाही का?"

"आहोत की."

"मग आपला रकाना वेगळा का?"

उस्तादांनी क्षणभर खडूकडे पाहिलं. "तूच शोध. दोन रकाने कर आणि लिहून आण."

तबारकने रविवारीच वही आणून दिली. ती शेजारच्याच घरात राहायची. तिचा बाप अजील समाव्यात बस चालवायचा, इथे कारखान्यात फरशी पुसायचा. तिने लिहिलं होतं:

'त्यांचं सगळं घर त्यांचं असतं. आपण वर राहतो आणि खाली दुसरं कोणी. त्यांचे वडील दुकानात पुढे उभे असतात, आपले मागे. त्यांची आजी घरात आहे. आपली आजी तिकडून आलेल्या कॅसेटवर आहे, ती बोलते पण आपलं ऐकत नाही. ते आपल्याला होडीवाले म्हणतात, म्हणजे नुकतेच होडीतून उतरलेले, पण आपण विमानाने आलो. त्यांच्या आधी इथे त्यांचं कोणीतरी आलं होतं. आपल्या आधी आपलं कोणी आलं नव्हतं.'

खाली, 'सारखं काय' याच्यापुढे: 'सापडलं नाही.'

उस्तादांनी वहीतला तो कागद तिच्याकडून मागून घेतला. नीट घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. त्याच दुपारी त्यांना अबू घस्सानच्या घरी जायचं होतं.

एकट्याने मागायला जाणं समाव्यात कोणी करत नाही. मोठं काम असेल तर चारचौघं जातात आणि पुढे एखादा मानाचा माणूस असतो. तो मान सय्यद मुहसिन यांचा, पैगंबरांच्या वंशातले म्हणून. ते पंचाहत्तरीचे, काळा फेटा, काठी आणि कमी बोलणं. तिसरा अजील. बर्फातून चालत तिघे निघाले.

"अजील, तिथे तू बोलायचं नाहीस," सय्यद म्हणाले.

"मी कुठे बोलतो?"

"आत्ता बोललास."

अबू घस्सानच्या घरात पाय गालिच्यात रुतत होते. अबू घस्सान साठीचे, गोल चेहऱ्याचे, हसतमुख. त्यांनी तिघांना मिठी मारली, बसवलं. त्यांच्या बायकोने, उम्म घस्साननी, छोट्या पेल्यांत कॉफी आणली. सय्यदांनी पेला उचलला, आणि न पिता समोरच्या टेबलावर ठेवला. उस्तादांनी ठेवला. अजीलनेही ठेवला.

याहून स्पष्ट बोलणं समाव्यात नाही. पाहुण्याने कॉफी खाली ठेवली म्हणजे तो काही मागायला आलाय. मग यजमान म्हणतो, "कॉफी घ्या, तुमचं काम झालं." निदान विचारतो तरी, "काय काम काढलंत?" तोवर पाहुणा तोंड उघडत नाही; उघडलं तर ती भीक होते.

अबू घस्सान बर्फाबद्दल बोलले. पंपावरच्या गोठलेल्या नळाबद्दल बोलले. मध्ये दोनदा फोन आला. उस्तादांची नजर त्या तीन पेल्यांवरून हलत नव्हती. कॉफीवरचा फेस विरला. आता विचारतील, आता विचारतील, असं ते मनात म्हणत होते.

तेवढ्यात उम्म घस्सान आल्या. "अय्या, प्यायलाच नाहीत कोणी? माझंच चुकलं. तुम्ही इराकी लोक चहावाले." आणि कोणी काही म्हणायच्या आत पेले उचलून घेऊनही गेल्या.

सय्यदांची काठीवरची बोटं पांढरी पडली. चहा आला, मोठ्या कपांत, पिशवीचा दोरा बाहेर लोंबणारा. सय्यद आणि उस्ताद दगडासारखे बसून राहिले. अजीलच्या अंगातली थंडी अजून गेली नव्हती. त्याने कप उचलला आणि घटाघटा प्यायला.

तिघे फाटकाबाहेर आले.

"संपलं," सय्यद म्हणाले. "आपली कॉफी उचलून नेली. याहून मोठा नकार नाही."

"बाईंना माहीत नसेल हो," अजील म्हणाला.

"आणि तू प्यायलास."

"चहा प्यायलो. नियम कॉफीचा आहे. चहाला कुठे नियम आहे?"

"चहाला नियम नसेल, पण माणसाला असतो."

उस्ताद म्हणाले, "सय्यद, मी उद्या जाऊन सरळ सांगू का? आपण तर मागितलंच नाही."

सय्यद थांबले. "मिझहर, कॉफी परत गेलेल्या दारात माणूस दुसऱ्यांदा जात नाही. तू गेलास तर एकटा जाणार नाहीस, आम्हा सगळ्यांना घेऊन जाशील. इथे आपल्याकडे काय उरलंय? ना जमीन, ना दुकान. मान, एवढाच उरलाय."

सोमवारी उस्तादांच्या हातून पावांचा एक घाणा करपला. मंगळवारी दुसरा. बेकरीवाला म्हणाला, "काय उस्ताद, लक्ष कुठाय?" घरी आले तरी एका जागी बसवेना. थंडीसाठी खिडकीवर लावलेल्या प्लास्टिकपाशी जात, बाहेर बघत, परत येत. बायको फख्रिया शेवटी म्हणाली, "बसा तरी, नाहीतर जा तरी. जमीन झिजवू नका, खालचे लोक वर काठी आपटतात."

"सय्यद नको म्हणतात."

"सय्यदांना परीक्षा द्यायची नाहीये."

सय्यदांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि फख्रियाचंही नाही. बुधवारीही ते गेले नाहीत. कोट घातला, जिना उतरले, रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. खिशातल्या कागदाची घडी बोटांनी चाचपत राहिले. 'आपल्या आधी आपलं कोणी आलं नव्हतं.' मग या मुलांच्या आधी आलेला कोण? तो मीच की.

गुरुवारी काम संपताच, पीठ भरलेल्या बुटांनीच, ते बसने पंपावर पोहोचले. काचेमागे अबू घस्सान गिऱ्हाईक करत होते. उस्ताद रांगेत उभे राहिले. पुढे तिघे होते. दोनदा त्यांना वाटलं, निघून जावं. मग पुढे कोणी उरलं नाही.

"या उस्ताद. सिगारेट?"

"नको. हाजी, रविवारी आम्ही मागायला आलो होतो."

"काय मागायला?"

"मुलांची खोली."

अबू घस्साननी हातातली पाकिटं खाली ठेवली. "मग मागितली का नाहीत? तासभर बसलात. मी बायकोला म्हणालो, हे लोक एवढ्या थंडीत आले कशाला?"

"आम्ही कॉफी खाली ठेवली होती."

मागे कोणीतरी हॉर्न वाजवला. हळूहळू अबू घस्सानच्या मानेपासून कपाळापर्यंत लाली चढत गेली. लहानपणी गावात पाहिलेलं काहीतरी त्यांना आठवत असावं.

"माझ्या आजोबांपुढे ठेवायचे," ते शेवटी म्हणाले. "मी सात-आठ वर्षांचा होतो, दारामागून बघायचो. आणि माझ्या घरात तीन माणसांनी ठेवली, त्यात एक सय्यद, आणि मी नळाच्या गोष्टी सांगत बसलो."

"नकळत झालं. खोलीचं तेवढं बघा."

"उस्ताद, मीटिंग काल झाली. आज वादळ सांगितलंय म्हणून अलीकडे घेतली. स्वयंपाकघर मंजूर झालं. माझाही हात वर होता."

उस्तादांनी मान हलवली आणि ते बाहेर आले. बस यायला अर्धा तास होता. ते थांबले नाहीत, चालत सुटले. वादळ आलं नव्हतं. बुधवारी जिना उतरून मी परत फिरलो, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

त्या शनिवारी वर्ग उस्तादांच्या घरी भरला. दोन खोल्यांत अठरा मुलं; चार मुली न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. फळा म्हणून फ्रिजचं दार. खालच्यांनी दोनदा काठी आपटली. अकराच्या सुमारास जिन्यावर जड पावलं वाजली. उस्तादांना वाटलं, आता घरमालक आला. मदतीला आलेल्या अजीलने दार उघडलं तर अबू घस्सान. टोपी हातात, श्वास लागलेला.

मुलांनी जागा केली. अबू घस्सान भिंतीशी टेकून बसले आणि वर पाहू लागले. छताखालून वाफेचा पाइप गेला होता, त्यावर फख्रियाने पायमोजे वाळत टाकले होते.

"याच रस्त्यावर," ते म्हणाले, "चार घरं सोडून, माझे वडील राहायचे. वरच्या मजल्यावर. नऊजण एका खोलीत. ओतशाळेतून आले की सदरे असेच पाइपवर टाकायचे. मी आलो तेव्हा तीन वर्षं पाइपखाली झोपलो. टपटप पाणी पडायचं." ते थोडं हसले. "तेव्हा आधी आलेले सिरियन आम्हाला नावं ठेवायचे."

फख्रियाने चहा आणला, लहान काचेच्या पेल्यात, तळाशी साखर. अबू घस्साननी पेला घेतला, बशीसकट जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतले.

उस्तादांना कळलं. खाली ठेवणारे आपण असतो. आपल्यापुढे कोणी ठेवेल हे गेल्या सहा वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"काय काम काढलंत, हाजी?"

"दोन कामं आहेत. पंपामागे माझं टायरांचं गोदाम आहे. हीटर चालतो. रबराचा वास येतो, तो जाणार नाही. वर्ग तिथे घ्या."

"आणि दुसरं?"

"माझी नात झैना. नऊ वर्षांची. माझी आई तिच्याशी अरबीत बोलते तेव्हा पोर माझ्या तोंडाकडे बघते, मी इंग्रजीत सांगावं म्हणून. आई किती दिवसांची आहे कोण जाणे. झैनाला यांच्यात बसवा."

पहिलं काम ऐकून उस्तादांच्या तोंडाशी नकार आला होता. टायरांमध्ये आमची मुलं, असं सय्यद म्हणणार, हेही दिसत होतं. पण दुसरं काम खरंच मागणं होतं. मागणारा माणूस डोळे खाली घालून बसला होता, जसे ते स्वतः रविवारी बसले होते.

तरी त्यांनी आधी मुलांकडे पाहिलं, फ्रिजच्या दारावरच्या अर्ध्या पुसलेल्या अपूर्णांकांकडे पाहिलं. खालून पुन्हा काठी वाजली.

"तिला वेगळं शिकवणार नाही," उस्ताद म्हणाले. "यांच्याबरोबर, सतरंजीवर. आणि कोणी कोणाला होडीवाले म्हणायचं नाही."

"माझ्याकडून शब्द."

"मग चहा घ्या, हाजी. काम झालं."

चहा गार झाला होता. अबू घस्सान शेवटच्या साखरेपर्यंत प्यायले.

ते गेल्यावर अजील दाराशी डोकं खाजवत उभा राहिला. "उस्ताद, म्हणजे चहालाही नियम असतो तर."

"असतो."

"मग त्या दिवशी मी जो प्यायलो..."

"ते सय्यदांना तू सांग. टायरांचं मी सांगतो."

"नको, टायरांचं मी सांगतो. चहाचं तुम्ही सांगा."

मुलं हसली. उस्ताद हसले नाहीत. मे महिन्याला दहा शनिवार उरले होते, आणि संध्याकाळी सय्यदांपुढे बसायचं होतं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून तबारकला दिला.

"खालचं 'सापडलं नाही' खोड. ती जागा पुढच्या शनिवारी भरून आण."

तबारक वरच्या पाइपकडे बघत पेन्सिल शोधू लागली.