रेणुकाचा डावा हात

मित्रांनो, जालन्यात पियानो दाखवा म्हणालात, तर लोक तुम्हाला पेटीपुढे नेऊन उभे करतील. म्हणून आधीच सांगतो, मी एक जुना पियानो आहे. सागवानी अंगाचा, पोलादी तारांचा आणि जरा तोंडाळ.

माझा जन्म कोलकात्याच्या कारखान्यात झाला. पुढे इथल्या एका शाळेत मी बरीच वर्षे प्रार्थनेला साथ केली. तेव्हा माझे कोण कौतुक! मग शाळेत स्पीकर आले आणि माझ्या पाठीवर पताका, खडूंची खोकी चढली. शेवटी संगीत शिकवणाऱ्या उमाताईंनी मला घरी आणले, तारा सुरात लावून घेतल्या, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

त्यांच्याकडे आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीची रेणुका शिकायला येई. दर रविवारी तिचे वडील राधाकिसन तिला एसटीने आणत. उमाताईंनी तिला एक छोटी रचना दिली. युरोपातल्या एका बाईने ती दीडशे वर्षांपूर्वी केलेली, फारशी कुणाला ठाऊक नसलेली. तिची सगळी गोडी डाव्या हातात होती आणि इथेच घोडे पेंड खात होते. रेणुका भजनातल्या पेटीवर वाढलेली. डाव्या हाताने भाता हलवायचा, एवढेच तिला माहीत. उजवा हात सुरेल चाले आणि डावा हवेतच पुढे-मागे होई. मला हसावे की रडावे कळेना.

राधाकिसन कंटाळले. "ताई, पेटी बराबर वाजवती ही. हितंच अडून राह्यली. येत्या रविवारी जमलं न्हाई तर मंग बंद करू."

रेणुकाचे डोळे भरून आले. खरे सांगतो, मलाही फार वाईट वाटले.

उमाताई शांतपणे म्हणाल्या, "राधाकिसनराव, आठवडाभर घरी पेटीचा भाता तुम्ही हलवा. हिचा डावा हात सुरांवर फिरू द्या."

पुढच्या रविवारी रेणुका माझ्यापुढे बसली. तिचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर उतरला आणि ती धून संथपणे, एकदाही न अडखळता वाजली. मागे बसलेल्या राधाकिसनांचा हात मात्र गुडघ्यावर आपोआप हलत होता.

"या बाईचं आणखी हाय का काही?" त्यांनी विचारले.

"पुष्कळ आहे."

"मंग शिकवा. माझा हात आजून दुखत न्हाई."

मित्रांनो, आम्हा वाद्यांना पुसा, सुरात ठेवा, हे तर मी सांगणारच. पण शिकणाऱ्याचीही निगा राखावी लागते. कुणाचा हात गुंतलेला दिसला, तर त्याचा भाता घटकाभर तुम्ही हलवा.