'कुशल'ची तिसरी चिठ्ठी

संस्कृत शब्दकोशाच्या कार्यालयात एक जुना दंडक होता. शब्दाचा अर्थ लिहिलेली चिठ्ठी कितीही विद्वत्तापूर्ण असो, शनिवारी चहाच्या वेळी ती कोशाची पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरसमोर मोठ्याने वाचायची. त्याला कळली तर छपाईला, नाही कळली तर परत. तीनदा परत आली की शब्द दुसऱ्याच्या टेबलावर. बाइंडर शिकलेला सातवीपर्यंत, पण शंका अशा काढायचा की पंडितांनी माना खाली घालाव्यात.

कोशकार बाईंचा 'कुशल' दोनदा परत आला होता. अकरा वर्षं इतरांच्या चिठ्ठ्या तपासल्यावर स्वतःच्या नावाने मिळालेला हा पहिला शब्द. तो गेला असता तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेला असता. त्याला सगळे पूर्णविराम म्हणत, कारण तो बोलला की विषय संपला. हल्ली तो बाईंकडे इतक्या सहानुभूतीने बघायचा की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

खरं तर चिठ्ठी साधी होती. कुश म्हणजे एक गवत. ते काढून आणणारा तो कुशल, अशी जुन्या पंडितांची व्युत्पत्ती. ती खरी की मागाहून जुळवलेली, यावर विद्वानांचं एकमत नाही, हेही बाईंनी प्रामाणिकपणे नोंदवलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'हे मऊ गवत हलक्या हाताने उपटणारा, म्हणून निपुण.' बाइंडरने चहा बशीत ओतत विचारलं, गवत मऊ असेल तर त्यात निपुण कसलं, ते तर शेळीलाही जमतं. दुसऱ्या खेपेला बाईंनी 'मऊ' खोडून 'धारदार' घातलं. तर म्हणाला, मग हलका हात कसा चालेल, तुम्ही कधी उपटून बघितलंय का? खोलीत पाच विद्वान बसले होते आणि एकानेही बघितलं नव्हतं.

बाईंच्या सासूबाई तरुणपणी छपरांसाठी गवत काढायच्या कामावर होत्या. सून पगार घेऊन शब्दांवरची धूळ झटकते, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. दोन चिठ्ठ्या लिहून होईपर्यंत बाईंना त्यांची आठवणही झाली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

शुक्रवारी दोघी बसडेपोमागच्या उतारावर गेल्या. तिथे कमरेइतकं धारदार कुश गवत माजलं होतं. बाईंनी हलक्या हाताने एक पातं धरलं, ओढलं आणि बोट कापून घेतलं. सासूबाई आधी पोटभर हसल्या.

"भीत भीत धरलंस की पातं हातातून सरकतं, आणि सरकलं की कापतं," त्या म्हणाल्या. "खाली मुळाशी धर. घट्ट. मग सोडू नकोस."

सातव्या खेपेला मूठभर गवत अलगद उपटून आलं, हाताला नवा ओरखडाही नाही. बाईंना शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला.

शनिवारी त्यांनी तिसरी चिठ्ठी वाचली. 'याची धार सरकत्या हाताला कापते. म्हणून मुळाशी, न भिता, घट्ट धरून उपटणारा तो निपुण.' बाइंडर म्हणाला, कळलं, आणि त्याने बशी रिकामी केली.

तेवढ्यात पूर्णविरामाने आधार विचारला. ग्रंथ कोणता, पान कितवं? आधाराशिवाय कोशात ओळ जात नाही, हे खरंच होतं. मुख्य संपादकांनी चष्मा काढला. एरवी इथे बाई 'बरं, बघते' म्हणून चिठ्ठी मागे घेत. या खेपेला त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि तिच्यावरचा हात काढला नाही.

"आधार माझ्या सासूबाई," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं हेच काम केलंय त्यांनी. पान नाही, उतार आहे, बसडेपोच्या मागे. ज्यांना तपासायचंय त्यांनी चलावं."

पूर्णविरामाने आपल्या नाजूक बोटांकडे बघितलं आणि हात खिशात घातले. मुख्य संपादकांनी पेन उघडलं आणि आधाराच्या जागी लिहायला सासूबाईंचं पूर्ण नाव विचारलं.

संध्याकाळी बाईंनी घरी चिठ्ठी वाचून दाखवली. सासूबाईंनी स्वतःचं नाव दोनदा वाचायला लावलं.

"मुकादम आम्हाला रांगेने मोजायचा," मग त्या म्हणाल्या. "मी पाचवी. चौदा वर्षांत नाव नाही विचारलं कुणी."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुढचा शब्द कोणता आहे ते विचारलं.