मार्कांचा मेसेज

"आमच्या शिवमचे मार्क तर दर रविवारी मोबाईलवर येतात," असं उज्वला सिस्टर सहज बोलून गेली आणि महामायाच्या मनात पाल चुकचुकली. दोघींची पोरं लातूरच्या एकाच क्लासला होती. विशाखाला तिथं घालून चार महिने झाले, महामायाला एकही मेसेज नव्हता.

तिचा संशय थेट विशाखाच्या बापावर, धम्मानंदवर गेला. वेगळं होऊन सहा वर्षं झाली होती. ती नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स, तो लातूरला एसटीच्या वर्कशॉपात. पोरीच्या शिक्षणाचा खर्च निम्मा-निम्मा, निर्णय दोघांनी मिळून, असं ठरलेलं. बोलणं मात्र बंद. पावतीचा फोटो यायचा, पैसे जायचे, बाकीचा निरोप विशाखाच्या तोंडून. आपल्याला रात्रपाळ्या असतात म्हणून लातूरच्या होस्टेलचं टुमणं त्याचंच होतं. आता कळलं कशासाठी. नंबर स्वतःचा द्यायचा, मार्क आपणच बघायचे आणि उद्या म्हणायचं, आईला पोरीचं काय माहीत? फी भरण्यापुरतीच आई.

मार्क विचारले की विशाखा म्हणायची, "बरे हायत." तेसुद्धा त्यानंच पढवलं असणार.

शनिवारी तिनं रजा टाकली आणि कुणाला न सांगता पहाटेची लातूर गाडी धरली. सांगितलं असतं तर त्यानं सारवासारव केली असती.

क्लासच्या ऑफिसात क्लार्क नंबर काढायला लागला, तर तिनं त्याला थांबवलं. "आधी तिच्या वडिलांना बोलवा. त्यांच्यामागं काढला तर नंतर नाकबूल होतील."

धम्मानंद तेलकट हातांनी तसाच आला. सगळं ऐकून उलट तिच्यावरच घसरला. "म्हंजे तुलाबी न्हाई? मला वाटलं तू एकटीच वाचून राहिलीस."

"नंबर तुम्ही दिला."

"हा बघ मोबाईल. एक मेसेज न्हाई."

तिनं खरंच तपासला. पुसून टाकले असतील, असंही मनात आलं.

क्लार्कनं वैतागून नंबर मोठ्यानं वाचला. दोघांनीही तो लगेच ओळखला. तो होस्टेलमधल्या विशाखाच्या बटणाच्या मोबाईलचा होता.

विशाखाला वर्गातून बोलावलं. आईबाप एका जागी दिसताच पोरगी दारातच थबकली.

"फॉर्म मीच भरला," ती खाली बघत म्हणाली. "पालकाचा एकच नंबर मागत होते. मार्क कमी आले की मम्मी म्हणणार पप्पांनी लक्ष दिलं न्हाई, पप्पा म्हणणार मम्मीनं लाडानं बिघडवली. म्हणून मेसेज मीच घेतले. कमी पडले की मीच मला रागवायचे."

महामायाला लाज वाटली. सकाळपासून मनात जुळवून आणलेलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

"मग आता कुणाचा टाकू?" क्लार्कनं विचारलं.

महामायानं दहा आकडे न अडखळता सांगितले. नंबर धम्मानंदचा होता. सहा वर्षांत तिनं तो एकदाही लावला नव्हता.

"दर रविवारी मला फोन करून मार्क सांगायचे," ती त्याला म्हणाली. "फोटो नको. बोलून सांगायचं."

"हाव," धम्मानंद म्हणाला.

विशाखा मात्र बराच वेळ दोघांकडे संशयानं बघत राहिली.