गुरुवारच्या चिठ्ठ्या

ह्युबर्टला एक वाईट खोड होती. लोकांच्या घरातली वस्तू उचलायची, तिच्यावर गुलाबी रंग फासायचा आणि आपली म्हणून भिंतीला लावायची. साबणाचा डबा, थंड पेयाची बाटली, दुकानाची पाटी, काही सोडलं नाही त्याने. लोक मोठा कलाकार म्हणायचे, वर्तमानपत्रात फोटो यायचे. मीही मिरवायचे, माझ्या बहिणीचा लेक आहे म्हणून. डब्या-बाटल्यांवर थांबला असता तर मी आज लिहायला बसलेच नसते.

बहारीनला, झिंज भागात, एका गॅरेजात त्याचा स्टुडिओ होता. शुक्रवारची सुट्टी. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली की सगळे तिथे जमायचे. बँकेतला राजन, विमानात काम करणाऱ्या पोरी, दाढीवाले अरब चित्रकार. कोण कुणाचं ते विचारायची सोय नव्हती. ह्युबर्ट छपाईच्या जाळीच्या चौकटीवर रंग ओढत बडबडायचा, बाकीचे हसायचे, आणि कोपऱ्यात स्टोवपाशी मी. शुक्रवारी आम्ही कॅथलिक मटण खात नाही, म्हणून साफी माशाचं कालवण आणि भात. "यल्ला, चला, मावशीचं जेवण" अशी हाक गेली की चर्चा तिथेच पडायची. हात धुतल्याशिवाय मी कुणाला ताट दिलं नाही, मग तो हॉटेलचा मॅनेजर का असेना.

सामान ह्युबर्ट आणायचा. गुरुवारी मी त्याला चिठ्ठी द्यायचे. आता अक्षर लावून लिहिते, पण तेव्हा मला नुसती सही यायची, तीही वाकडी. म्हणून चिठ्ठीत चित्रं. ठिपक्यांचा मासा म्हणजे साफी, मोठ्या तोंडाचा म्हणजे हामूर, गाय म्हणजे दुधाचा डबा. किती आणायचं ते रेघांनी.

हे एकट्या ह्युबर्टला ठाऊक. तिथे मुलाच्या घरात सगळ्यांच्या लेखी मी सातवी पास होते. सून हिल्डा नर्स, कॉन्व्हेंटात शिकलेली. रोझरीच्या वेळी तिच्यासमोर मी पुस्तक धरून पाठ असलेल्या प्रार्थना म्हणायचे, पानंसुद्धा वेळेवर उलटायचे. आणि त्याच तोऱ्यात तिच्या चुका काढायचे. माझं खरं तिला कळलं असतं तर घरात माझ्या शब्दाला कोण विचारणार होतं? ह्युबर्टने बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं, कुणाला कळणार नाही.

चौऱ्याऐंशी साली मनामाच्या एका मोठ्या हॉटेलात त्याचं प्रदर्शन भरलं. मी ठेवणीतलं लाल लुगडं नेसून, हिल्डाला बरोबर घेऊन गेले. आत पाऊल टाकलं तर समोर दरवाजाएवढा माझा मासा. निळा, हिरवा, नारिंगी, आठ वेळा. शेजारी माझी गाय. तिच्याखाली माझ्या चार रेघा.

लोक हसत होते. कुचेष्टेने नाही, लहान पोराच्या पाटीकडे बघून हसतात तसं. ते जास्त लागलं.

चित्राखाली एक छोटी पाटी होती. मी हिल्डाला म्हटलं, चष्मा विसरले, वाच जरा. तिने मनातल्या मनात वाचलं आणि म्हणाली, नुसता नंबर आहे. नंबर एवढा लांब नसतो, तेवढं मला कळत होतं. पलीकडे राजन उभा होता, त्याला विचारलं. त्या भल्या माणसाने इंग्रजीचं मराठी करून खणखणीत आवाजात सांगितलं, 'माझ्या निरक्षर स्वयंपाकिणीच्या चिठ्ठ्या'. सांगून झाल्यावर ते मासे कुणाचे ते त्याच्या ध्यानात आलं, आणि बिचारा तिथून सरकला.

मी हिल्डाकडे बघितलं नाही. तिने माझी पर्स धरली, माझ्या हातासकट, आणि तशीच धरून ठेवली.

तेवढ्यात पांढऱ्या सुटात ह्युबर्ट आला. मी काही बोलायच्या आधीच सांगायला लागला की तुझं नाव कुठेच टाकलेलं नाही, म्हणजे शब्द मोडला नाही. वर विचारतो, मासा कसा वाटला. भोवती शुक्रवारचे सगळे जेवणारे उभे होते. मी आवाज चढवला नाही.

"ह्युबर्ट, बाप्तिस्म्याला तुला या हातांनी धरलं होतं. तू स्वयंपाकीण म्हणालास, मग स्वयंपाकिणीचं काम आजपासून खलास. स्टोव माझा आहे, उद्या घेऊन जाईन. आणि नीट ऐक. मला काही लिहिता येत नव्हतं, म्हणून मी मासा काढला. तुला सगळं लिहिता येतं, तरी 'मावशी' एवढं लिहिता आलं नाही. अडाणी तू आहेस."