जेवणाच्या टेबलावरचं मासिक

"हा पहिला परिच्छेद कशाला ठेवलास? लेखक इथे नुसता घसा साफ करतोय. काढून टाक!"

आमचे हे जेवणाच्या टेबलावर हात आपटून ओरडले आणि ती मुलगी मान खाली घालून कागदावर काट मारत राहिली. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. कुणालाही वाटेल, बिचारी पोर, किती बोलणी खाते! मला मात्र तिचा हेवा वाटला. असा वाटला, की कांदा बोटाएवढा जाड चिरला गेला.

ह्यांनी उभा जन्म एक मासिक चालवलं. ते बंद पडलं तेव्हा घरात कुणी गेल्यासारखे बसून असायचे. मग ही उगवली. दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते, वाचनाचं वेड, आणि आता स्वतःचं मासिक काढायचं खूळ. "सर, मला संपादन शिकवा," म्हणाली, आणि ह्यांना नवी पालवी फुटली. तेव्हापासून दर गुरुवारी आमचं टेबल तिचं. हे तिचे 'सर', मी 'काकू'. मी मनातल्या मनात तिला दातवाली म्हणते.

गैरसमज नको. तिच्या वयाचा, रूपाचा मत्सर नाही मला. ती ह्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, कागदाकडे बघते. माझं पोट दुखतं ते शिकवण्यावरून. ह्यांच्या मासिकाची वेष्टनं मी चिकटवली, तिकिटं मी लावली, वर्गणीदारांचे पत्ते लिहून लिहून बोटाला घट्टा पडला. पण एखादी कथा वाचायला देऊन माझं मत कधी विचारलं नाही. एकदा मीच होऊन म्हटलं, "शेवटची कथा मला पटली नाही हो." तर म्हणाले, "गठ्ठे झाले का बांधून?" रागावलेसुद्धा नाहीत. कुणी रागवायलासुद्धा आपली किंमत असावी लागते.

तर मी एक उद्योग केला. कथा लिहिली. बहिणीच्या सुनेकडून टाईप करून घेतली, खोटं नाव घातलं, पत्ता बहिणीचा दिला आणि दिली दातवालीच्या मासिकाला पाठवून. गोष्ट साधीच. आत नवऱ्याचं ऑपरेशन चाललंय आणि बाई बाहेर बाकावर बसून आहे. ह्यांच्या पित्ताशयाच्या वेळी मी बसले होते तशीच. मला एवढंच बघायचं होतं, की इतकी वर्षं एका घरात राहून हा माणूस मला ओळखतो का.

पुढच्या गुरुवारी दातवालीने ती कथा मोठ्याने वाचली. मी दाराशी पातेलं पुसत उभी होते, ते केव्हाच कोरडं झालं होतं. हे डोळे मिटून ऐकत होते.

"घ्यायची का, सर, पहिल्या अंकात?"

"बाई चांगली उतरलीये. बाकावरची ती दुसरी, चप्पल काढून मांडी घालून बसते, तेही झकास. पण नवरा? अख्ख्या कथेत त्याला एक वाक्य नाही. शुद्धीवर आल्यावर तरी बायकोशी काही बोलेल की नाही?"

"असतात हो असे, सर."

"छे! इतका घुम्या नवरा असतो का कुठे?"

हसावं की रडावं कळेना. शुद्धीवर आल्यावर हे बोलले होते, छापखान्याच्या माणसाशी, प्रुफांबद्दल.

"मग साभार परत करू?" दातवालीने विचारलं.

"मुळीच नाही. ही बाई लिहिणारी आहे. हिला नुसतं पत्र पाठवून सोडायचं नाही. पुढच्या गुरुवारी बोलावून घे, समोर बसवून शिकवू." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अगं, गुरुवारी एक बाई येतील. आतली एक खुर्ची बाहेर आणून ठेव."

दातवाली राहिली बाजूला, आता मला त्या खोट्या नावाच्या बाईचा हेवा वाटायला लागला. आठवडाभर ह्यांच्या तोंडी तिचंच नाव. तिला काय वाचायला द्यावं, कुठून सुरुवात करावी. एकदा जेवताना म्हणाले, "विधवा असावी बिचारी."

"नसावी," मी म्हटलं आणि ह्यांना भाजी वाढली.

गुरुवारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कथेचे कागद नीट रचून ठेवले. दातवालीने सांगितलं, त्या बाईंचा 'येते' असा निरोप आलाय. हे सारखे दाराकडे बघत होते.

"आल्या नाहीत अजून. घर सापडलं नाही की काय?"

मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्या खुर्चीवर जाऊन बसले.

"अगं, तिथे त्या बाई..."

"आल्या," मी म्हटलं.

दातवालीला आधी कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. ह्यांना वेळ लागला. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नकळत त्यांचा हात शर्टावरून पोटावरच्या टाक्यांच्या खुणेपाशी गेला.

"शिकवा," मी म्हटलं. "काय बोलायला देऊ त्याला?"

ह्यांनी चष्मा लावला, कागद पुढे ओढले आणि पहिल्या ओळीपासून स्वतः वाचायला लागले. मी समोर बसून राहिले.