आतून धरणारा माणूस

टाक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात एक पद्धत होती. टाकीचं शेवटचं झाकण जोडताना एकाने आत बसून ते धरायचं आणि वेल्डरने बाहेरून वेल्डिंग मारायचं. मग आतला माणूस टाकीच्या मोठ्या भोकातून बाहेर यायचा आणि चहाला जायचा. झाकणाला तात्पुरती मूठ लावली तर ते बाहेरूनही धरता येईल, असं एका नव्या इंजिनियरने एकदा सुचवलं होतं. त्याची खरेदी विभागात बदली झाली. तिथे तो सुखी आहे म्हणतात.

दुसऱ्या पाळीत आत बसायचं काम वेल्डरच्या मेव्हण्याकडे होतं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे. तो वेल्डरला दाजी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळा कारखानाच दाजी म्हणू लागला. मालकसुद्धा. मालकांच्या सख्ख्या दाजींना ते अजून आवडलेलं नाही.

त्या दिवशी दाजींनी आयुष्यातला सर्वांत देखणा सांधा मारला. त्याला कारण होतं. पहिल्या पाळीतला म्हातारा वेल्डर निवृत्तीला आला होता, आणि ही टाकी पास झाली तर त्याची जागा दाजींना मिळणार होती. दाजींची बायको दिवसभर शिवणकारखान्यात असायची. ती घरी यायच्या आत हे कामाला गेलेले, आणि हे घरी येईपर्यंत ती झोपलेली. लग्नापासून दोघांनी एकत्र संध्याकाळ पाहिली ती फक्त सुट्टीची, आणि सुट्टीला मेव्हणा जेवायला असायचा.

सांधा निवला तशी दाजींनी तोंडावरची काच वर सारली आणि टाकीवर हातोडीने टकटक केलं.

"ये रे बाहेर."

"कुठून?" आतून प्रश्न आला.

दाजींनी टाकीला एक फेरी मारली. मग उलटी एक फेरी मारली. शेवटी फोरमनने ड्रॉइंग उलगडलं. या टाकीला मोठं भोक नव्हतंच. होतं ते हात घालून पुसपास करण्यापुरतं, कपबशीएवढं. आजवर प्रत्येक टाकीला मोठं भोक असायचं, त्यामुळे ते आहे का, हे बघायची कोणाला सवयच राहिली नव्हती.

"सांधा कापावा लागणार," फोरमन म्हणाला.

"आणि कापला तर?"

"तर टाकी नापास. तुम्ही आणि आम्ही पुन्हा दुसऱ्या पाळीला, गप्पा मारत."

दाजी छोट्या भोकाशी वाकले. "तपासणी उद्या सकाळी आहे. तेवढा वेळ निघेल का रे?"

"माझं काही नाही," मेव्हणा म्हणाला. "हवेचा पाइप आत सोडा. आणि उशी. पण दाजी, ताईला काय सांगाल?"

"ती झोपलेली असते."

चहा भोकातून आत गेला. हजेरीच्या मशीनसाठी अंगठा भोकातून बाहेर आला. वेळेवर अंगठा दिलेला दुसऱ्या पाळीतला तो पहिलाच माणूस ठरला.

सकाळी तपासनीस आले. गंभीर माणूस, हसायचं झालं तरी आधी चष्मा काढून ठेवायचे. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं, भिंग लावलं, मान डोलावली.

"बाहेरून उत्तम. आतून कसा उतरलाय, ते मात्र कधी कळत नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

"आतूनही एक नंबर आहे साहेब," टाकी म्हणाली.

फोरमन छताकडे बघू लागला. तपासनिसांनी चष्मा पुसला.

"सगळीकडे सारखा?"

"डाव्या कोपऱ्यात जरा फुगलाय. चालून जाईल."

"इतक्या वर्षांत आतली साक्ष पहिल्यांदा मिळतेय," तपासनीस सद्गदित होऊन म्हणाले. त्यांनी टाकी जागच्या जागी पास केली, दाजींना पहिली पाळी मिळाली, आणि यापुढे प्रत्येक टाकीला आतली साक्ष लागेल असं त्यांनी जाहीर केलं. "आता या सांध्याला कोणी बोट लावायचं नाही."

म्हणजे टाकी पास झाली आणि मेव्हणा तिच्यासकट.

एवढ्यात ताई आल्या. भाऊ रात्री घरी पोचला नाही असं कळताच त्या काम सोडून आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"अहो, माझा भाऊ कुठाय?"

"ताई, मी इथे! मजेत आहे गं!"

"तुझी मजा नंतर बघते," ताई टाकीला म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "कापा."

"अगं, सांधा कापला तर पहिली पाळी जाईल. आपल्या संध्याकाळी..."

"सांधा कापा म्हटलं का मी? सदऱ्याला बटण लावायचं तर आम्ही शिवण उसवतो का? मधे काज करतो!"

टाकी शिवणीपाशी बंद झाली म्हणजे ती शिवणीपाशीच उघडायची, यापलीकडे कोणाचं डोकं चाललंच नव्हतं. दाजींनी गॅस कटरने पत्र्याच्या मधोमध गोल काज केलं. मेव्हणा उशी घेऊन बाहेर आला आणि ताईंच्या तावडीत सापडला.

"झकास," तपासनीस म्हणाले. "पण ड्रॉइंगमध्ये काज नाही. हे बंद करा."

"बंद करायचं तर आतून कोणीतरी धरायला हवं," फोरमनने पद्धत सांगितली.

"मी दुसऱ्या पाळीचा," मेव्हणा चटकन म्हणाला. "हे पहिल्या पाळीचं काम."

पहिल्या पाळीचा नियम साधा होता. जो सर्वांत नवा, तो आत. दुसऱ्या पाळीत दाजींचे केस पिकले होते, पण इथे त्यांना येऊन एक तासही झाला नव्हता. म्हाताऱ्या वेल्डरने निरोपाचा शेवटचा सांधा मारायला काच खाली केली. दाजी मुकाट्याने आत उतरले.

सांधा झक्क झाला. आतली साक्षही तशीच निघाली. तपासनीस समाधानाने जेवायला गेले. आता दाजींसाठी नवीन काज करायचं, तर ते बंद करताना कोण धरणार, यावर साहेबलोकांची बैठक बसली. पाळी सुटली तरी ती उठली नव्हती.

ताई संध्याकाळी डबा घेऊन पुन्हा आल्या. स्टूल ओढून टाकीला टेकून बसल्या आणि भाजीपोळीची एक गुंडाळी करून त्यांनी ती भोकातून आत दिली.

"संध्याकाळ झाली का गं?" आतून आवाज आला.

"झाली."

"दिसते कशी?"

ताईंनी दारातून बाहेर पाहिलं. "पिवळी आहे. समोरच्या शेडची सावली पार फाटकापर्यंत गेलीय. मेव्हणा तुमचा... म्हणजे माझा भाऊ, कामावर आलाय. तुमच्याकडे बघून हसतोय."

"हसू दे."

भोकातून हात बाहेर आला. ताईंनी तो हातात घेतला. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग त्यांना ओळखीचे होते, पण ते जागेपणी नीट बघायला आजच मिळाले.

"अहो," त्या हात न सोडता म्हणाल्या, "ती बैठक लवकर संपायची नाही ना?"