खालच्या कोपऱ्यातला नंबर

घोटावडे फाट्यावर माझं दुकान आहे, ‘अनिस आर्ट्स’. दुकानांच्या पाट्या, टेम्पोवरची नावं, शाळांच्या भिंती, सगळं मी हातानं रंगवलं. मग फ्लेक्स आले. आता फाट्यावर जिकडे बघावं तिकडे वाढदिवसवाले दादा हात जोडून उभे, आणि मी दुकानात माश्या मारत बसलेला. त्यात एक मोबाइलवाला माझा गाळा भाड्यानं मागत होता. माझा मुलगा फरहान व्हिएन्नात नोकरीला आहे. त्यानं मला तिकीट पाठवलं तेव्हाच ओळखलं, की पोरगं गाळ्याचा विषय काढणार. व्हिएन्नात पोचल्यावर काढलाच.

“अब्बा, आता बास की. त्या मोबाइलवाल्याला आज व्हय म्हणून टाकू,” ऑफिसला निघताना तो म्हणाला.

“सांजच्याला सांगतो,” मी म्हणालो.

त्यानं मला एका चित्रसंग्रहालयाच्या दारात सोडलं. भारतातून फोन आला तर उचलू नका, फार महाग पडतं, असं बजावलं आणि गेला.

एकटा होतो ते बरंच झालं. मला चित्र लांबून बघता येत नाही. ब्रश कुठं टेकला, कुठं उचलला, हे कळायला नाक पार रंगापाशी न्यावं लागतं. तिथल्या रखवालदार बाईंना ते अजिबात पसंत नव्हतं. आधी त्यांनी बोट दाखवलं, मग हातानंच मागं सरकवलं, आणि तिसऱ्या दालनापासून त्या माझ्या मागेच चालू लागल्या. चला, सोबत झाली!

एका मोठ्या चित्रात जुन्या बाजाराची गल्ली होती. एका पावाच्या दुकानावर पाटी होती, तिच्यावर झोकदार अक्षरं. मी तिथंच थबकलो. चित्र काढणाऱ्याचं नाव खाली पितळी पट्टीवर होतं. पण ती मूळ पाटी ज्यानं रंगवली, त्याला कोण ओळखतं? मला एकदम भरून आलं.

समोरच येणाऱ्यांसाठी कागद-रंगांची टेबलं मांडली होती. लोक बसून चित्राची नक्कल करत होते आणि झालेले कागद चिमट्यांनी दोरीवर टांगत होते. रखवालदार बाईंनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. हा माणूस एका जागी बसेल तर बरं, असं त्यांना वाटलं असणार.

मी गल्ली काढली. पाटीवर त्यांची लिपी मला जमेना, म्हणून आपल्या लिपीत ठसठशीत लिहिलं, ‘येथे ताजा पाव मिळेल’. अक्षरांना लाल सावली दिली. मग खालच्या कोपऱ्यात हातानं आपोआप लिहून टाकलं, ‘अनिस आर्ट्स, घोटावडे फाटा’ आणि मोबाइल नंबर. त्याशिवाय पाटी पुरी होतच नाही. बाईंनी कागद दोरीला लावला आणि पहिल्यांदाच हसल्या.

मी बाकावर टेकलो आणि थोड्या वेळानं फोन वाजला. भारतातला नंबर. फरहानचं बोलणं आठवलं, पण गिऱ्हाइकाचा फोन न उचलणं या हाताला ठाऊक नाही.

“अनिस पेंटर का?”

“व्हय. कोण बोलतंय?”

“मी फाट्याजवळच्या भूगावचा शंभू. टूरसंगं परदेशात आलोय. अवो, हितं दोरीवर तुमची पाटी लटकलीया! तुमी हायेत कुटं?”

आवाज फोनमधून येत होता आणि पाठीमागूनही. वळून बघतो तर टूरची केशरी टोपी घातलेला एक गडी दोरीखाली उभा. आम्ही दोघं असे खदाखदा हसलो की बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

शंभूनं भूगावात नवा बंगला बांधला होता. “गेटावर आईचं नाव लावायचंय, रत्नाबाई. छापील न्हाई पटत मला. असंच पायजे, लाल सावलीचं,” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “तुमी अजून करताय नव्हं?”

मी दोरीवरच्या कागदाकडं बघितलं.

“करतोय की,” मी म्हणालो.

संध्याकाळी फरहान न्यायला आला. मला शिट्टी वाजवत पायऱ्या उतरताना बघून तो चक्रावलाच.

“मग अब्बा, त्या मोबाइलवाल्याला काय सांगू?”

“सांग, गाळा रिकामा न्हाई. तितं पेंटर बसतो.”